कामगाराचे कर्ज आणि उघडी वही



या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले आणि उद्या पर्जन्यमानावर होणार आहे. मधला दिवस माझ्यासारख्याला दिला याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. मी दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस. पुढे जे काही शिकलो ते फिटरच्या बाकावर, कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत शिकलो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कर्ज’ एवढेच म्हणालो. ते क्षणभर थांबले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक चार घटका गारव्याला येतात, त्यांना हप्त्याची आठवण कशाला करून द्यायची, असे त्यांच्या मनात आले असावे. परंतु त्यांनी नाही म्हटले नाही.

आणि खरे पाहता हा विषय अशा मालेला परका नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला तो १८७५ साली. त्याच वर्षी, त्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते बाहेर काढून जाळली. माणसांना फारसा हात लावला नाही, कागद तेवढे जाळले. त्या उठावातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि पुढे त्या कायद्याखालच्या न्यायदानाच्या कामावर खुद्द रानड्यांची नेमणूक झाली. तेव्हा व्याख्यानाचा मंडप आणि कर्जाची वही यांची ओळख फार जुनी आहे.

आम्ही राहतो त्या पिंपरी-चिंचवडहून देहू जवळच. वडिलार्जित सावकारीतली आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सुप्याला कागद जळले, देहूला बुडाले. आजच्या कामगाराला यांतले काहीच करता येत नाही. त्याचे खते बँकेच्या यंत्रात आहे. ते जळत नाही आणि भिजतही नाही. ते फेडावेच लागते. प्रश्न एवढाच उरतो की ते हातात पगार असताना फेडायचे की पगार थांबल्यावर, आणि एकट्याने फेडायचे की चौघांच्या साथीने. या दोन प्रश्नांवर मला आज बोलायचे आहे.

कामगार आणि कर्ज यांची जोडी आजची नव्हे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सभासद होते. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असे त्या आयोगाने नमूद केले. रुपयाला महिन्याला एक आणा हा तेव्हाचा सर्रास दर होता. सोळा आण्यांचा रुपया; म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के! पगाराच्या दिवशी सावकार काठी घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभा राही, हे आमच्या वडिलांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही पुढल्या वर्षी गावी परतलो. वडिलांनी संपात काय काय उचलले हे त्यांनी कधी सांगितले नाही. आईच्या पाटल्या हातातून गेल्या तेवढ्या आम्हांला दिसल्या. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आठ चिठ्ठ्या सापडल्या, प्रत्येक वेगळ्या हस्ताक्षरात. तेरावा झाल्यावर दोन माणसे दाराशी आली. त्यांनी तगादा लावला नाही, उलट ओशाळून उभी राहिली. ती वडिलांच्याच खात्यातली माणसे होती. त्यांच्या पैशाहूनही मला एका गोष्टीचे वाईट वाटले. इतकी वर्षे एका ताटात जेवलेल्या आईला त्यांतली एकही चिठ्ठी ठाऊक नव्हती.

आता आजच्याकडे येतो. आजचे कर्ज काठी घेऊन येत नाही. ते मंडप घालून येते, टेबलावर स्वच्छ कापड अंथरते, हातात पेन देते. मी कबूल करतो, त्या मंडपाला जागा देणाऱ्यांत मीही होतो. दर तीन-चार वर्षांनी आमचा वेतनकरार होई. पगार वाढला, मागील फरक मिळाला की फाटकाबाहेर घरकर्जाचे, गाडीकर्जाचे मंडप उभे राहत. ‘कामगारांची सोय होते’ असे म्हणून आम्हीच व्यवस्थापनाकडून परवानगी मिळवून देत असू. महिनोन् महिने भांडून मिळवलेली वाढ संध्याकाळपर्यंत हप्त्यात बांधली जाई, आणि आम्ही गुलाल उधळीत असू. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण मला पाठ होती. तिचा अर्थ कळायला मात्र एक माणूस निवृत्त व्हावा लागला.

तो आमच्याच खात्यातला फिटर. एकतीस वर्षे नोकरी, हात असा की बिघडलेले यंत्र त्याच्या नुसत्या कानाला कळावे. २०१६ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. शाल झाली, श्रीफळ झाले, फुलांनी सजवलेल्या जीपमधून आम्ही त्याला वाजतगाजत घरी पोहोचवले. तीन-चार महिन्यांनी रात्री एका गृहसंकुलात मला कोणाला भेटायला जायचे होते. स्कूटर फाटकाशी येताच पहारेकरी उठला आणि त्याने मला सलाम ठोकला. दिवा तोंडावर आला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखले. मला काय बोलावे सुचेना. तोच म्हणाला, “भाऊ, बसा ना. आता ही माझी तिसरी पाळी.”

त्या रात्री त्याने सगळे सांगितले. घराचे नऊ लाख बाकी होते. मुलीच्या लग्नासाठी पतपेढीचे काढलेले होते. ग्रॅच्युइटीचे जवळजवळ चार लाख आले. त्यांतले पतपेढीने कापून उरले ते बँकेत गेले. ते त्याला द्यावेच लागले, कारण पतपेढीच्या कर्जाला दोन सहकारी जामीन होते, आणि आपण थकलो तर त्यांच्या पगाराला कात्री लागेल हे त्याला सहन होणारे नव्हते. माणूस उधळ्या नव्हता, व्यसनी नव्हता. त्याच्या शेजारच्या बाकावर वीस वर्षे काम केलेल्या दोघांना मी दुसऱ्या दिवशी विचारले. त्याच्या रक्तदाबाची गोळी कोणती हे त्यांना माहीत होते. त्याच्या कर्जाचा त्यांना पत्ता नव्हता.

मंडळी, येथे थोडे गणित मांडतो, कंटाळू नका. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला निवृत्तीनंतर जे पेन्शन मिळते ते १९९५ च्या योजनेखाली. त्याचे सूत्र सोपे आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. तो पगार कितीही असला तरी २०१४ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे १५,००० रुपयेच धरायचा. पस्तीस वर्षांची अखंड नोकरी धरली तरी महिना ७,५०० रुपये होतात. त्या योजनेतले किमान पेन्शन २०१४ साली ठरले ते १,००० रुपये. आता वीस लाखांच्या घरकर्जाचा हप्ता पाहा. साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांच्या मुदतीने तो होतो १७,३५६ रुपये. साडेसात हजारांतून सतरा हजारांचा हप्ता वजा करणारे गणित अजून कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. म्हणून निवृत्तीच्या दिवशी कर्ज उरलेले असणे ही साधी अडचण राहत नाही. त्या माणसाचे म्हातारपण दुसऱ्याच्या नावावर गेलेले असते.

कोणी म्हणेल, आम्ही मुदत मोजूनच कर्ज घेतले, अठ्ठावन्नाला संपते. घेताना संपत होते हे खरे. आता कधी संपते ते पाहिले का? घरकर्जाचा दर बहुधा बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची, अशी रीत होती. माणसाला वाटते, हप्ता तोच आहे, म्हणजे सगळे ठीक आहे. समजा, कोणी सात टक्क्यांनी वीस लाख घेतले, वीस वर्षांसाठी, आणि दोन वर्षांनी दर साडेनऊ झाला. हप्ता तोच ठेवला, तर त्या साडेपंधरा हजारांच्या हप्त्यातले जेमतेम साडेचारशे रुपये मुद्दलात पडतात. उरलेली अठरा वर्षे कागदावर सदतीस होतात. बापाने घेतलेले घर मुलाच्या निवृत्तीपर्यंत बँकेचे! ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्या. निवड आहे, पण तिचे पत्र वाचले तर ना! आपल्यातले किती जण ते पत्र फोडतात?

मी फोडले नव्हते. हेच मला आज येथे कबूल करायचे आहे.

२०१७ च्या जानेवारीत, त्या फिटरच्या भेटीनंतर, मी खात्यातल्या दहा जणांना संघटनेच्या कचेरीत बोलावले. लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. आमच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या सोयीने ती सुट्टी गुरुवारची झाली. अशा एका गुरुवारी आम्ही जमलो. मी छोटेसे भाषणच केले. कर्ज लपवू नका, आपापला खातेउतारा समोर ठेवा, असे सांगितले. सगळे माना खाली घालून बसले. मग कोपऱ्यातला एक जुना टर्नर म्हणाला, “भाऊ, आधी तुमचा दाखवा.”

माझेही घरकर्ज होते. २०१० साली वीस वर्षांसाठी घेतलेले. बँकेची पाकिटे घरी खणात पडलेली होती. मी चारचौघांच्या पगारवाढीचा दशांश चिन्हापर्यंत हिशोब करणारा माणूस, पण स्वतःचे पाकीट उघडायला माझा हात धजत नव्हता. मी बैठक तशीच थांबवून घरी गेलो आणि पाकिटे घेऊन आलो. सगळ्यांसमोर फोडली. माझा शेवटचा हप्ता २०३० च्या ऐवजी २०३७ वर गेला होता. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा असणार होतो. कोणी हसले नाही. टर्नरने आपल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. मग एकेक करीत सगळ्यांचे कागद बाहेर आले. त्या दिवशी मला कळले की कर्जाचे अर्धे बळ व्याजात असते आणि अर्धे लपवण्यात.

हे शहाणपण आमचे स्वतःचे आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या घरच्या बायकांना ते आधीपासून होते. बचत गटाच्या बैठकीत वही जमिनीवर उघडी असते आणि प्रत्येकीचे येणे-देणे मोठ्याने वाचले जाते. नाबार्डने हे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग १९९२ साली सुरू केला. त्याच्याही आधी, १९७५ साली, प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळी चालवणाऱ्या त्या बाया वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत बुडालेल्या होत्या. त्यांनी एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज दिले. प्रेमाताई कामगार चळवळीतल्याच. माझे वडील तशाच एका खानावळीत जेवत. जेवू घालणारणीने कर्जातून बाहेर पडण्याची वाट शोधली होती आणि जेवणारा ट्रंकेत चिठ्ठ्या साठवीत होता, याचा मला पुष्कळदा विचार पडतो.

आता आमच्या बैठकीची रीत सांगतो, म्हणजे कोणाला करून पाहायची असेल तर करता येईल.

पहिला नियम असा की गटात पैसा गोळा करायचा नाही आणि सभासदांनी एकमेकांना उसना द्यायचा नाही. भिशी चांगली, पतपेढीही चांगली. परंतु जेथे पैसा जमतो तेथे संशय जमतो, आणि संशय आला की वही मिटते. आम्ही फक्त हिशोब आणि धीर एवढेच एकमेकांना देतो.

दुसरा नियम, पगारानंतरच्या पहिल्या गुरुवारी बसायचे, आणि नवरा-बायको दोघांनी यायचे. पहिल्या वर्षी आम्ही पुरुषच बसत होतो. बायका येऊ लागल्यावर कळले की निम्म्या घरांत सोनेतारणाचे कर्ज आहे आणि ते नवऱ्याच्या कागदावर नाही. आणि उरलेल्या निम्म्यांत कार्डाचे कर्ज आहे आणि ते बायकोला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. त्यावर पाच रकाने. कर्ज कोणाचे, बाकी किती, व्याजाचा दर काय, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला, आणि त्या तारखेला माझे वय काय. पहिले चार रकाने माणूस थंडपणे भरतो. पाचव्याशी पेन अडते.

चौथी गोष्ट क्रमाची. ज्याचे व्याज सर्वांत जड ते आधी फेडायचे. कार्डाचे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. व्हिटले आयोगाच्या सावकाराच्या ते निम्म्याहून अधिक आहे, फक्त काठी दिसत नाही. त्यानंतर व्यक्तिगत कर्ज, सोनेतारण, पतपेढी, आणि घर सर्वांत शेवटी. एखादे बारके कर्ज दोन महिन्यांत मिटण्यासारखे असेल तर ते आधी मिटवू देतो. एक ओळ खोडली गेली की माणसाला हुरूप येतो. एक कर्ज फिटले की त्याचा मोकळा झालेला हप्ता घरात येऊ द्यायचा नाही, तसाच पुढच्या कर्जाकडे वळवायचा. बोनस किंवा कराराचा फरक मिळाला की निम्मा आधी मुद्दलात, मग सण.

पाचवी गोष्ट घरकर्जाची. मघाच्या वीस लाखांच्या कर्जात हप्त्याशिवाय महिन्याला दोन हजार रुपये जादा भरले, तर वीस वर्षांचे कर्ज साडेपंधरा वर्षांत फिटते आणि सुमारे साडेपाच लाखांचे व्याज वाचते. बदलत्या दराच्या घरकर्जाची मुदतीपूर्व फेड केल्यास व्यक्तीकडून दंड घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. मात्र जादा भरताना लेखी सांगायचे: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

सहावी गोष्ट सावधगिरीची. घर फेडण्याच्या भरात भविष्यनिर्वाह निधी रिकामा करू नये. २०२३-२४ साली त्या निधीवर ८.२५ टक्के व्याज मिळाले. घरकर्जाच्या दराशी त्याचा फरक थोडाच. एका सभासदाने निधी काढून घर फेडले आणि सहा महिन्यांनी घरात शस्त्रक्रिया निघाली. तो पुन्हा महाग कर्जाच्या दाराशी गेला. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याखेरीज जादा हप्ता भरायचा नाही, असे आम्ही तेव्हापासून ठरवले.

आणि शेवटची गोष्ट. कर्ज फिटले म्हणजे काम संपले असे नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत करायची, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. गावाकडची जमीन तारण असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढलेला असतो. तो तलाठ्याकडून उतरवून नवा उतारा हाती घ्यावा. फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहून पुढे भावंडांत तंटे झालेले मी पाहिले आहेत.

याने काय झाले, ते खरे खरे सांगतो. पहिल्या बैठकीला आम्ही अकरा जण होतो. सात जण आज कर्जमुक्त आहेत, त्यांतले पाच निवृत्तीपूर्वी झाले. दोघांचे चालू आहे, पण पाचव्या रकान्यातले वय साठाच्या आत आले आहे. एक जण दुसऱ्या गावी नोकरीला गेला. माझे स्वतःचे २०२४ साली फिटले. त्यात जादा हप्ते होते तसे गावाकडच्या वाटणीचे आलेले पैसेही होते. नुसत्या शहाणपणाने फिटले असे मी मिरवणार नाही.

अकरावा आमच्या हातून सुटला. तो बैठकीला नियमाने येई, कागद नीट भरी, सगळ्यांत आधी चहाचे पैसे काढी. त्याच्या मोबाइलमध्ये चार ठिकाणचे झटपट कर्ज होते आणि ते त्याने कागदावर कधी लिहिलेच नाही. वसुलीवाल्यांनी त्याच्या नातेवाइकांना फोन करायला सुरुवात केली तेव्हा आम्हांला कळले. त्याला घर विकावे लागले. मी त्याला विचारले, “आमच्यापासून का लपवलेस?” तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही सगळे पुढे निघाला होता.” हे वाक्य मी विसरलेलो नाही. ज्याचे फिटते त्याचे कौतुक करण्यात आम्ही दंग झालो आणि ज्याचे वाढते त्याला बोलायला जागा ठेवली नाही. तेव्हापासून आमची बैठक ज्याचा महिना वाईट गेला त्याच्यापासून सुरू होते.

आता एका आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो माझ्याच चळवळीतले मित्र घेतात. ते म्हणतात, ‘कामगार कर्जात आहे कारण पगार अपुरा आहे, घरे महाग आहेत, कंत्राटी नोकरीला भरवसा नाही. तुम्ही त्याला काटकसर शिकवता म्हणजे मालकाचे काम सोपे करता.’ या आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. बारा-चौदा हजारांवरच्या कंत्राटी कामगाराला पाच रकान्यांचा कागद पुरणार नाही. त्याला कायम नोकरीच हवी, आणि तिच्यासाठी लढलेच पाहिजे. परंतु लढणार कोण? १९३६ च्या वेतन कायद्यात पुढे अशी तरतूद झाली की सहकारी संस्थेचे देणे असेल तर पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत कपात करता येईल. २०१९ च्या वेतन संहितेने ही मर्यादा सरसकट ५० टक्के ठेवली आहे. ज्याच्या हाती चतुर्थांश पगार पडत होता तो संपाच्या ठरावाला हात वर करताना आधी हप्त्याची तारीख पाही. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली की सर्वांत आधी सही करी तो कर्जात बुडालेला, कारण त्याला रोख रक्कम दिसे. पुढची पंधरा वर्षे दिसत नसत. कर्जमुक्त कामगार मालकाला सोपा जात नाही. तो ताठ उभा राहतो. म्हणून मी आज वेतनकरार आणि उघडी वही ही एकाच कामाची दोन टोके मानतो. आता करार झाला की फाटकाशी आमचेही एक टेबल असते. त्यावर कोरे पाच रकाने आणि एक पेन असते.

तो फिटर पुढे आमच्यात येऊ लागला. निवृत्त माणसाला काय सल्ला द्यावा हे आम्हांला कळत नव्हते. तोच आम्हांला सल्ला देई. मुलाने थोडा भार उचलला, त्याने पहाऱ्याच्या पगारातून भरले, आणि २०२२ साली, चौसष्टाव्या वर्षी, त्याचे घर त्याचे झाले. आमच्याकडे शेवटच्या हप्त्याला रीत अशी की ज्याचे फिटले त्याने आपले पान मोठ्याने वाचायचे, खाली ‘फिटले’ असे लिहायचे, आणि जिलेबी इतरांनी आणायची. त्याने पान वाचले. मग त्याने पेन बायकोच्या हाती दिले आणि म्हणाला, “तू लिही. मला या अक्षरांची सवय नाही.” त्या बाईंनी सावकाश लिहिले. दुसऱ्या दिवसापासून तो रात्री घरी झोपू लागला.

ऋण फिटते पण हीन फिटत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. कर्जाने आलेला हीनपणा मागे राहतो, असा त्याचा अर्थ मी लहानपणी ऐकला. माझा अनुभव थोडा निराळा आहे. लपवलेल्या कर्जाचा हीनपणा फिटत नाही. माझ्या वडिलांचा त्यांच्याबरोबरच गेला. चौघांसमोर वाचलेल्या कर्जाचा हीनपणा मात्र कर्जाच्या आधी फिटतो, पहिल्याच गुरुवारी.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर खणातली पाकिटे काढा. कागदावर पाच रकाने आखा. शेवटच्या हप्त्याची तारीख लिहा आणि तिच्यापुढे आपले वय लिहा. तो आकडा कसाही असो, कागदाची घडी घालून ट्रंकेत ठेवू नका. आधी घरच्या माणसाला दाखवा. मग शेजारच्या बाकावर जो बसतो त्याला दाखवा. त्याच्याही खिशात तसाच एक कागद असण्याचा पुष्कळ संभव आहे.